समेच्या आधीच कापलेली तान

टीझर एक मिनिट दहा सेकंदांचा होता. त्यावरचं भांडण मात्र पोह्यांवरच्या तर्रीचा लाल तवंग गोठेपर्यंत चाललं. रविवारची सकाळ, नागपूरच्या धरमपेठेतलं काकाजींचं घर, आणि त्यांच्या नातीच्या फोनवर एका जुन्या संगीत नाटकावरून निघणाऱ्या मराठी सिनेमाची पहिली झलक. शेकडो पणत्यांचा महाल, घोड्यांच्या टापा, म्यानातून निघणारी तलवार, वरून घारीसारखा फिरणारा कॅमेरा. चाळिसाव्या सेकंदाला कुठून तरी एक तान उठली, चढत गेली, आणि नेमकी उतरायच्या बेतात असताना ढोलाचा दणका बसून पडद्यावर सोनेरी अक्षरं आली.

"अबे, समेवर तर येऊ द्या त्याले!" काकाजी ओरडले. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, तान जिथे येऊन पडते ती जागा.

"आबाजी, टीझर आहे हा. पिक्चर तर लागू द्या," नात म्हणाली. पुण्याहून आलेला आतेभाऊ कपबशी खाली ठेवत म्हणाला, "मूळ नाटक पाहिलंय मी. याचा त्याच्याशी काही संबंध नाही." आणि मग जे व्हायचं ते झालं. सिनेमाचं नाव मी घेत नाही, कारण हाच तमाशा दर वेळी होतो. संगीत नाटकाचा सिनेमा होणार असं कळलं की महाराष्ट्रात तीन पक्ष पडतात. एक म्हणतो वाट लावली, दुसरा म्हणतो अंगावर काटा आला, तिसरा म्हणतो आधी पाहा, मग बोला. त्या सकाळी तिन्ही पक्ष एकाच दिवाणावर बसलेले होते. आणि काकाजी मात्र यातल्या कोणत्याच पक्षाचे नव्हते. माझ्या मते त्या दिवशी मुद्द्याचं एकटे तेच बोलले.

तिसऱ्या पक्षाचा आधी निकाल लावतो, कारण तो सगळ्यात शहाणा दिसतो. "सव्वा मिनिटावरून काय ठरवता?" हा त्यांचा प्रश्न. पण टीझर काढतात तो आपण काही ठरवावं म्हणूनच ना? आवडला तर पुढे पाठवा म्हणायचं, आणि नाही आवडला तर तोंड बंद ठेवा म्हणायचं, हा कुठला न्याय? शितावरून भाताची परीक्षा करू नये असं सांगणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय, की हे शीत आम्ही पातेल्यात हात घालून काढलंय का? स्वयंपाक्यानं स्वतः निवडून, तूप लावून ते आमच्या पानात वाढलंय. मग त्याची चव सांगितली तर रागावता कशाला?

आणि कधी कधी शीत खरं बोलतं. लंडनमध्ये १९८१ साली आलेलं ‘कॅट्स’ हे संगीत नाटक तिथे २१ वर्षं चाललं. त्यात माणसं मांजरं होतात, म्हणजे अंगाला घट्ट बसणारे रंगवलेले कपडे, डोक्यावर टोप, चेहऱ्यावर पट्टे, आणि बाकी सगळं चालण्यातून आणि गाण्यातून. नाट्यगृहात बसलेला माणूस तेवढ्यावर मांजर मान्य करतो. आपल्याकडे लाकडी सिंहासनाला राजवाडा मानतात, तसंच ते. २०१९च्या जुलैत त्यावरच्या सिनेमाची झलक आली, तेव्हा नटांच्या अंगावर संगणकानं खरेखुरे वाटणारे केस उगवलेले होते, आणि चेहरे मात्र माणसांचेच. जगभरचे लोक दचकले. हसले, घाबरले, कित्येकांनी ते मांजरही नाही आणि माणूसही नाही म्हणून कानाला खडा लावला. तेव्हाही शहाणे म्हणालेच, आधी सिनेमा येऊ द्या. डिसेंबरात तो आला, सपशेल पडला, आणि प्रदर्शनानंतर स्टुडिओला दृश्यं सुधारून नवी प्रत थिएटरांना पाठवावी लागली. लोकांचं काय चुकलं होतं? रंगमंच जे प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोडतो ते कॅमेऱ्यानं केसागणिक दाखवायचा हट्ट धरला, आणि हा हट्ट दोन मिनिटांतसुद्धा लपला नाही.

तर बोलायचा हक्क आहे. भांडण पुढचं आहे. बोलायचं काय?

आमच्या आतेभावाचं म्हणणं असं, की मूळ नाटकाशी प्रामाणिक राहा. हे ऐकायला इतकं सात्त्विक वाटतं की विरोध करणारा माणूस पापी ठरतो. मी ते पाप करतो. संगीत नाटकाचं ‘मूळ’ म्हणजे नेमकं कोणतं? अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणलं, तेव्हा त्यातल्या पदांची गर्दी आज कोणी सहन करणार नाही. पुढच्या मंडळ्यांनी पदं गाळली, घातली, लांबवली. खाडिलकरांचं ‘मानापमान’ १९११चं. गोविंदराव टेंब्यांच्या चाली, नायिका भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. दहा वर्षांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झालं, आणि बालगंधर्वांच्या भामिनीसमोर नायक धैर्यधर म्हणून केशवराव भोसले उभे राहिले. दोघांचे चाहते म्हणजे दोन छावण्याच होत्या. आजच्या फोनवरच्या हाणामाऱ्या त्यापुढे शाळकरी वाटाव्यात. पुढे त्याच नाटकातली पदं मास्टर दीनानाथांच्या गळ्यातून आली ती एका वेगळ्याच आक्रमक वळणाची. मग यातलं मूळ कोणतं? १९११चं की १९२१चं? की ज्या त्या घरातल्या तबकडीवर जे होतं ते?

खरं सांगायचं तर ‘मूळ’ म्हणजे बहुतेकदा आपण पंधराव्या-सोळाव्या वर्षी जे पहिल्यांदा ऐकलं ते. त्यात वाईट काही नाही. पण ते नाटकाचं मूळ नव्हे, आपलं मूळ आहे.

मुळाला चिकटून राहिलं की काय होतं याचाही एक जुना दाखला आहे. बालगंधर्वांचा ‘साध्वी मीराबाई’ हा बोलपट १९३७चा. नाटकच उचलून कॅमेऱ्यासमोर ठेवावं तसा तो झाला. ज्या स्त्रीभूमिकेसाठी लोक रात्र रात्र जागत होते, तीच भूमिका, तोच गळा, आणि सिनेमा चालला नाही. रंगमंचावरून दहाव्या रांगेपर्यंत जे लावण्य पोचत होतं, ते भिंगासमोर तसं उरलं नाही. म्हणजे ‘जसंच्या तसं’ करून पाहिलं गेलंय, तेही मराठी रंगभूमीवरच्या सगळ्यात लाडक्या माणसाकडून.

मुळाचं प्रेम कधी कधी माणसालाच पुसून टाकतं. ‘विकेड’ हे अमेरिकेतलं २००३चं संगीत नाटक. त्यावरचा सिनेमा २०२४च्या नोव्हेंबरात यायच्या आधी एका चाहत्यानं सिनेमाचं पोस्टर घेऊन नाटकाच्या जुन्या पोस्टरसारखं केलं. टोपीची सावली डोळ्यांवर ओढली, ओठ लाल केले. त्याच्या हिशेबी ती भक्तीच होती. पण सिंथिया एरिव्हो या नटीला ते फार लागलं आणि तिनं ते जाहीरपणे लिहिलं. तिचं म्हणणं असं, की माझे डोळे झाकणं म्हणजे मलाच झाकणं. तिचा राग अंमळ जास्त झाला असं म्हणणारेही होते, नंतर तिनंही थोडं मवाळ घेतलं. पण मला तिचं पटतं. नव्या नटाच्या चेहऱ्यावर जुन्या नाटकाचा मुखवटा चढवायचा आणि त्याला निष्ठा म्हणायचं, हे आपल्याकडेही रोज चालतं. फक्त आपण ते ‘हिला त्यांची सर नाही’ एवढ्या चार शब्दांत उरकतो.

यात आम्हा नागपूरकरांची आणखी एक गंमत आहे. मूळ नाटक पाहिलंय हे वाक्य पुण्या-मुंबईत सहज म्हणता येतं. इथे ते म्हणणारे मोजके. ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर आमचे. नागपुरात ते सगळ्यांचे मास्तर. रंजन कला मंदिर ही नाट्यसंस्था त्यांनी इथेच उभी केली. त्यातल्या गवई खाँसाहेबांची भूमिका अजरामर करणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, वाढले नागपुरात, गाण्याचे पहिले धडे इथल्या शंकरराव सप्रे गुरुजींकडे. लेखक आमचा, गळा आमचा. पण १९६७ साली नाटक उभं राहिलं ते मुंबईत, पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ या नाट्यसंस्थेकडून, अभिषेकीबुवांच्या संगीतानं. नागपूरला प्रयोग यायचा तो दौऱ्यावर, ऋतूतून एखादा. मंडळींचा सामान-सुमानासह रेल्वेचा प्रवास, कलावंतांच्या तारखा, खर्च. हे गणित तेव्हाही अवघड होतं, आजही आहे. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला वसंतरावांचं नाव आहे, त्यांच्या स्मृतीचा संगीत समारोह तिथे होतो, लोक दाटीवाटीनं बसतात. पण माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी ‘कट्यार’ आधी ऐकली ती रेडिओवर आणि कॅसेटवर. म्हणजे आमचं मूळ मुळात आवाजाचं. नेपथ्य कसं होतं, पडदा कोणत्या रंगाचा होता, कोण कुठून यायचं, काही ठाऊक नाही. तान कुठे वळते आणि समेवर कशी पडते, हे मात्र झोपेत विचारलं तरी सांगू.

म्हणून काकाजींना महालाचं काही वाटलं नाही. घोडे, तलवारी, पणत्या, त्यांनी सगळं सोडून दिलं. त्यांच्या लेखी गुन्हा एकच झाला होता, तान अर्ध्यात कापली.

इथे माझंही एक जुनं पाप कबूल करतो. २०१५मध्ये ‘कट्यार’च्या सिनेमाची झलक पाहिली तेव्हा मी आतेभावाच्या पक्षात होतो. रंगमंचावर ज्या भूमिकेत वसंतराव स्वतः गात होते, तिथे पडद्यावर सचिन पिळगांवकर ओठ हलवणार आणि त्यांच्यासाठी वसंतरावांचा नातू राहुल देशपांडे गाणार, ही कल्पनाच मला खपली नव्हती. त्यात शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी. त्यात कव्वाली! मी चार मित्रांना फोन करून करून नाक मुरडलं होतं. त्या दिवाळीत सिनेमा लागला, घरच्यांच्या आग्रहानं गेलो, आणि मध्यंतरापर्यंत माझी हवा गेली होती. रंगमंचावरचा खाँसाहेब गळ्यानं हरतो आणि गळ्यानं जिंकतो. पडद्यावरचा खाँसाहेब दुसऱ्याचं गाणं ऐकताना डोळ्यांनी जळतो, आणि ते जळणं दहाव्या रांगेतून मला कधीच दिसलं नसतं. भूमिकेसाठी गायक हवा हा माझा आग्रह रंगमंचाचा होता, कॅमेऱ्याला तो लागू नव्हता. महेश काळे यांना त्याच सिनेमातल्या ‘अरुणी किरणी’साठी पार्श्वगायनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. ‘सूर निरागस हो’ हे नवं गाणं आता गणपतीत इथल्या मंडपांतून पोरं गातात, आणि त्यातली काही तिथून मागे जात जात वसंतरावांच्या ‘घेई छंद’पर्यंत पोचली आहेत. मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. (कव्वाली मला अजूनही उपरी वाटते. तेवढा हट्ट ठेवू द्या.)

मग त्या वेळी मी चुकलो आणि काकाजी आज बरोबर, हा फरक कशात? तो सिनेमा गाण्याला लाजत नव्हता, यात. मी ज्याची तक्रार करत होतो तो नट होता, कव्वाली होती, सजावट होती. गाणं सिनेमाच्या केंद्रात होतं आणि ते पूर्ण होत होतं. आज काकाजींची तक्रार त्या केंद्राबद्दल आहे.

गाण्याची लाज हा प्रकार आता जगभर आहे. ‘मीन गर्ल्स’ हा २०२४च्या जानेवारीत आलेला सिनेमा संगीत नाटकावरून केलेला. त्याच्या पहिल्या ट्रेलरमध्ये नाटकातलं गाणं सोडून वेगळ्याच एका लोकप्रिय गायिकेचं गाणं वाजलं. अनेकांना थिएटरात बसल्यावर कळलं, की अरे, ही माणसं गातात! चाहते चिडले ते यासाठी, आणि त्यांचं चिडणं शंभर टक्के रास्त होतं. उलट २०१२च्या ‘ले मिझेराब्ल’ची पहिली झलक घ्या. ॲन हॅथवेचं एक गाणं, तिचा थरथरता आवाज, आणि जवळजवळ बाकी काही नाही. नटांनी सेटवर कॅमेऱ्यासमोरच गायलेली गाणी होती ती. गंमत अशी, की त्याचा आणि ‘कॅट्स’चा दिग्दर्शक एकच, टॉम हूपर. एकदा त्यानं गाणं पुढे केलं, एकदा केस.

आपल्याकडे तर हे आणखी विचित्र आहे. भारतीय सिनेमा आधी गाणी विकतो आणि मग गोष्ट. इथे गाणं लपवायचं काही कारण नाही. तरी संगीत नाटक म्हटलं की निर्मात्याच्या पोटात गोळा येतो. तरुण प्रेक्षक पळेल, शास्त्रीय म्हटलं की झोपेल. मग तलवार पुढे करायची, महाल पुढे करायचा, तान चवीपुरती चिमूटभर, तीही ढोलाखाली. म्हणजे ज्या गोष्टीच्या नावावर सिनेमा काढला, तीच गोष्ट पाहुण्यांपासून लपवायच्या म्हाताऱ्या नातेवाइकासारखी मागच्या खोलीत. टीझर कापणाऱ्याला वेळ कमी असतो हे मान्य. बरेचदा तो कापला जातो तेव्हा सिनेमाचं अंतिम ध्वनिमिश्रणही झालेलं नसतं. पण एक मिनिट दहा सेकंदांत घोडे बारा सेकंद धावू शकतात, तर तानेला समेवर यायला चार सेकंद द्यायला काय हरकत होती?

तरुण प्रेक्षक गाण्याला भितो हे कोणी ठरवलं, हेही एकदा विचारायला हवं. आमच्या पूर्वेला झाडीपट्टी आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया. दिवाळी सरली, मंडया सुरू झाल्या, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती लागल्या, की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. नट-नट्या स्वतः गातात, गाण्याशिवाय प्रयोग उभाच राहत नाही, आणि समोर शेतातून आलेली, शाल गुंडाळलेली, तरुण-म्हातारी सगळी माणसं असतात. तिथल्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या पुष्कळांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. तिथेही टीझर असतो. गाडीवर भोंगा बांधून गावातून फिरवतात. निवेदकाच्या आरोळ्यांमध्ये गाणं वाजतं. गाणं ऐकून माणूस तिकिटाचे पैसे कनवटीला लावतो. तिथल्या निर्मात्याला कोणी सांगितलं की बाबा रे, लोक गाण्याला पळतात, तर तो आपल्याकडे "काऊन बाप्पा, तब्येत बरी हाय ना?" अशा नजरेनं पाहील.

मराठी सिनेमा आहे, सांभाळून घ्या, आधीच शो मिळत नाहीत, त्यात आपलेच लोक टीका करतात, असंही एक गाऱ्हाणं ऐकू येतं. शो मिळत नाहीत हे नागपुरात तर डोळ्यांनी दिसतं. मागे एका संगीतप्रधान मराठी सिनेमासाठी बर्डीजवळच्या एका थिएटरात विचारलं तर सकाळी साडेनऊचा एकच खेळ होता. ऑफिसात जाणाऱ्यानं, शाळेत जाणाऱ्यानं तो कधी पाहायचा? दुसऱ्या आठवड्यात तोही गेला. हे दुखणं खरं आहे. पण त्याचं औषध खोटी वाहवा नव्हे. दयेनं काढलेलं तिकीट एकदाच निघतं. काकाजींसारखा माणूस, ज्याला समेची वाट पाहणं ठाऊक आहे, तो पुन्हा पुन्हा येतो आणि येताना नातीला आणतो. त्याला तुम्ही टीझरमध्येच उठवून लावलं, तर साडेनऊच्या खेळाला बसणार कोण?

मला वाटतं निर्मात्यांनी टीझरसोबत एक पद सबंध सोडावं. मुखडा, अंतरा, ताना, सगळं, चार-पाच मिनिटं, आणि त्यात घोडे नकोत. आवडेल त्याला आवडेल. आणि आपणही ‘मूळ’चा दंडुका खाली ठेवून फक्त तेवढंच ऐकावं. भामिनीची नऊवारी कोणत्या रंगाची, नायकाच्या मिशा किती वळलेल्या, नायिका वयानं मोठी दिसते का, यावर रात्र रात्र लिहिणाऱ्यांनी यातली एक रात्र त्या पदाला दिली तरी पुष्कळ झालं.

त्या रविवारी भांडण असं काही मिटलं नाही. आतेभाऊ पुण्याच्या गाडीसाठी निघाला, जाताना दारातून "तुम्हा लोकांना नाटक कळत नाही" असं प्रेमानं म्हणून गेला. नातीनं टीझर पुन्हा लावला, चाळिसाव्या सेकंदाशी थांबवला आणि विचारलं, "आबाजी, याच्यानंतर पुढे काय होतं?" काकाजींनी दिवाणावर हातानं ठेका धरला. गळा आता साथ देत नाही, पण त्यांनी ती तान गुणगुणत उचलली, फिरवली, आणि तळहात दाणकन गादीवर पडला.

"हे," ते म्हणाले. "हे राहिलं त्यांचं."

सिनेमा लागला की तिघं जाणार आहोत. संध्याकाळचा खेळ मिळाला तर.